मुंग्यांची टेप

सात वर्षं मी दुसऱ्यांनी चेंडूला मारलेल्या लाथा मोजायचा पगार घेतला. हे वाक्य मी दिवाळीच्या बऱ्याच पार्ट्यांमध्ये टाकून बघितलं आहे. समोरचे काका चकलीचा तुकडा तोंडात टाकतात, मान डोलावतात आणि विचारतात, "ते झालं रे. पण काम काय करायचास?"

काकांचा दोष नाही. इथे अमेरिकेत आमच्या वेस्ट विंडसरच्या बाजूला मराठी माणूस एक तर औषधं शोधतो, नाहीतर सॉफ्टवेअर लिहितो. मीसुद्धा दोन हजार एकपर्यंत टेलिफोन कंपन्यांसाठी सॉफ्टवेअरच लिहीत होतो. त्या वर्षी त्या कंपन्यांना अचानक सॉफ्टवेअर नको झालं, आणि सॉफ्टवेअर नको म्हटल्यावर मीही नको झालो. ग्रीन कार्ड आदल्याच वर्षी आलं होतं, म्हणून गाशा गुंडाळावा लागला नाही एवढंच. सहा महिने घरी होतो. त्या काळात मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना लेबलं लावली, डाळी अकारविल्हे मांडल्या आणि मेथीच्या दाण्यांच्या डब्यावर संपण्याची अंदाजे तारीखही घातली. मेधा, म्हणजे माझी बायको, एक दिवस ऑफिसला जाताना म्हणाली, "विनू, मला लेबल लावायच्या आत घराबाहेर पड."

बाहेर पडायला जागा एकच होती, रविवारचं क्रिकेट. तिथे मी खेळत नसे. माझ्या बॅटिंगवर लेख हवा असेल तर संपादकांनी दुसऱ्या कुणाला तरी सांगावं, साक्षीदार पुष्कळ आहेत. मी स्कोअरर होतो. चार रंगांची पेनं, फूटपट्टी, उन्हाची टोपी आणि मांडीवर वही. षटक संपलं की बेरीज, बेरजेखाली रेघ. जगात काहीही बिघडलेलं असो, त्या वहीत सगळं जिथल्या तिथे असायचं.

एका रविवारी आमचा सामना लांबला आणि त्याच मैदानावर सरावाला आलेल्या एका फुटबॉल क्लबचा कोच आम्हाला हाकलायला आला. डग त्याचं नाव. रुंद मान, गळ्यात शिट्टी, चेहरा लाल. ओरडता ओरडता त्याची नजर माझ्या वहीवर गेली.

"हे काय आहे?"

मी सांगायला सुरुवात केली. वीस मिनिटं सांगत होतो. तेवढ्यात आमचा सामनाही संपला.

"म्हणजे तीन तासांपूर्वी कोणी काय केलं ते तू आत्ता सांगू शकतोस?"

"चेंडूगणिक."

"तू इंडियन आहेस. म्हणजे गणित पक्कं असणार."

बारावीला मला गणितात किती मार्क होते हे डगला सांगायची काहीच गरज नव्हती. मी नुसता हसलो. त्या हसण्यावर मला नोकरी लागली.

नाशिकला आईला फोन केला. "आई, नोकरी लागली. फुटबॉलच्या क्लबात."

"खेळायची?"

तेव्हा मी चाळिशीचा होतो आणि माझ्या पोटाने माझ्याआधी दारातून आत जायला सुरुवात केली होती. तरीही आईला तशी शंका आली याचा मला आजही अभिमान वाटतो.

"नाही गं. मॅच बघायची आणि लिहून काढायची."

बराच वेळ फोनवर नुसती खरखर. मग आई म्हणाली, "मेधाची चालू आहे ना पण?"

क्लब छोटा होता. टीव्हीवर ज्यांचे सामने देशभर दिसतात त्यांच्याहून एक पायरी खालचा. मैदान एका कॉलेजचं होतं. त्यावर अमेरिकन फुटबॉलच्या रेघा आखलेल्या असत, त्यामुळे आमचा गोलकीपर कॉलेजच्या नावातल्या एका भल्यामोठ्या अक्षरावर उभा राहून गोल वाचवायचा. सामना गावच्या केबल चॅनेलवर दिसायचा आणि त्याची टेप सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर यायची. माझं टेबल धुलाईच्या खोलीत होतं. एका बाजूला मोज्यांनी भरलेला ड्रायर, दुसऱ्या बाजूला मी.

काम असं. टेप लावायची, थांबवायची, लिहायचं, पुन्हा चालू करायची. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक ओळ. चेंडू त्याच्या पायाला लागला आणि नीट आपल्या माणसाकडे गेला की हिरवा ठिपका. चुकीच्या माणसाकडे गेला की लाल फुली. समोरच्याकडून हिसकावून घेतला तर निळा त्रिकोण. गोलासाठी सोन्याच्या रंगाचं पेन मी खास विकत आणलं होतं. दीड तासाच्या सामन्याला दीड दिवस लागायचा. शेवटी सगळं एका कागदावर आणायचं, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालायचं आणि डगच्या टेबलावर ठेवायचं. डग ते फोल्डर उघडताना मी दारात घुटमळायचो. पहिल्या वहिल्या मोदकांना पाकळ्या पडल्यावर माणूस घुटमळतो तसा.

डगला माझा कागद इतका आवडला की त्यावरून तो सराव ठरवायला लागला, आणि मग माणसंही. पहिल्याच हंगामानंतर केव्हिन नावाच्या मुलाला सोडलं. डाव्या बाजूला बचावात खेळायचा, अबोल, जाताना माझ्याशीही हात मिळवून गेला. निरोप डगने दिला होता, पण फोल्डर माझा होता.

दोन हजार चारच्या वसंतात क्लबने ब्राझीलचा खेळाडू आणला. गावभर पोस्टर लागली, त्यावर ढोल, पिसं आणि 'ब्राझीलची जादू'. जादू विमानतळावरून आली ती एका चष्मेवाल्या, विरळ केसांच्या, तेहतीस वर्षांच्या गृहस्थाच्या रूपात. सोबत बायको, सात वर्षांची मुलगी आणि भात शिजवायचा स्वतःचा कुकर. नाव झेलितो. त्याच्या देशात सगळ्यांना घरच्याच नावाने हाक मारतात म्हणे, पासपोर्टावरचं लांबलचक नाव कुणाला पाठ नसतं.

तो मिडफिल्डर होता. म्हणजे गोल अडवणारे मागे, गोल करणारे पुढे, आणि दोघांच्या मध्ये जे असतात ते. आपल्या एकत्र कुटुंबातल्या मधल्या भावासारखी जागा.

पहिल्या सामन्याला क्लबने खरेखुरे ढोलवाले बोलावले होते. चेंडू झेलितोकडे आला, ढोल कडाडले, लोक उठून उभे राहिले. झेलितोने चेंडू दहा फुटांवरच्या सहकाऱ्याला दिला आणि चालायला लागला. धावला नाही, चालला. संध्याकाळी भाजी आणायला निघाल्यासारखा, हात मागे बांधायचेच बाकी. पुन्हा चेंडू आला, पुन्हा एक स्पर्श, पुन्हा दहा फूट, पुन्हा चालणं. अर्ध्या तासाने ढोलवाल्यांचे हात दुखायला लागले. मागून एक प्रेक्षक ओरडला, "अरे, काहीतरी ब्राझिलियन कर ना!" झेलितोने वळून त्याला अगदी आदराने हात केला.

मला त्या हात करण्यात काहीतरी ओळखीचं वाटलं. ब्राझीलचा म्हणजे जादू करणारच, म्हणून तो आला होता. इंडियन म्हणजे गणित येणारच, म्हणून मी आलो होतो. त्याला नाचता येत नव्हतं आणि मला भागाकार. पण आपण एका नावेत आहोत हे माझ्या लक्षात यायला सहा महिने लागले. तोवर मी नाव बुडवत आणली होती.

तो मला 'प्रोफेसोर' म्हणायचा. मी मेधाला घरी येऊन हे सांगितलं. एवढ्या अनुभवी खेळाडूने आपली विद्वत्ता ओळखली, वगैरे. महिन्याभराने कळलं की त्यांच्याकडे कोचलाही प्रोफेसोर म्हणतात, ड्रायव्हरलाही म्हणतात, आणि आमचा मोजे धुणारा तर केव्हाच प्रोफेसोर झाला होता.

माझ्या कागदावर झेलितोची ओळ उपासाच्या ताटासारखी दिसायची. थोडे हिरवे ठिपके, एखादा त्रिकोण, सोनेरी पेनाची शाई तर टोपणातच वाळली. मध्ये पोटरी दुखावल्यामुळे तो दोन सामने बाहेर बसला. दोन्ही आम्ही हरलो. त्या दोन कागदांवर बाकीच्या सगळ्यांच्या नावापुढे लाल फुल्यांचा सडा पडला होता. मी खाली शेरा लिहिला, 'संघ थकलेला दिसतो.' पुराव्याचा कागद माझ्या हातात होता आणि माझ्याच अक्षरात होता, हे लक्षात घ्या.

सप्टेंबरात हंगाम संपला. पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं ते आता ठरणार होतं. डगने वर्षाचा कागद मागितला, मी शुक्रवारी दिला. सगळ्या मिडफिल्डरांत झेलितो शेवटचा. डगने बोटाने ती ओळ दोनदा चाचपली. "मला वाटलं होतं बरा खेळतोय," तो म्हणाला. "पण तुझा कागद खोटं बोलत नाही, विनी. मंगळवारी ऑफिसला कळवतो."

पार्किंगमध्ये झेलितो मुलीला गाडीत बसवत होता. तिच्या शाळेच्या दप्तराला नवंकोरं की-चेन. मला बघून थांबला.

"प्रोफेसोर. माझा कागद, चांगला?"

त्याचं इंग्रजी तेवढंच होतं, पण त्यामागचं सगळं मला कळत होतं. क्लबने ठेवलं तर व्हिसा, नाहीतर परत. तेहतिसाव्या वर्षी दुसरा क्लब कोण घेणार? अमेरिकेत ज्याची नोकरी गेली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तीन वर्षांपूर्वी मी माझ्या मॅनेजरकडे अगदी अशाच चेहऱ्याने बघितलं होतं.

"मी जे दिसतं तेवढंच लिहितो," मी म्हणालो. माझ्या मॅनेजरनेही साधारण हेच सांगितलं होतं.

झेलितो हसला. "सिम, सिम. यस, जे दिसतं," म्हणाला आणि मुलीचा पट्टा लावायला वाकला.

दुसऱ्या दिवशी मंडळाचा गणपती. हायस्कूलच्या कॅफेटेरियात साडेतीनशे पानं. आमच्या मंडळात कामाची यादी कोण करत असेल हे तुम्ही ओळखलंच असेल. डावीकडे नावं, उजवीकडे कामं. पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण, मोदक, पाणी, कचरा. सगळ्यांपुढे काहीतरी लिहिलेलं, फक्त एका नावापुढे दरवर्षी रकाना रिकामा असायचा. शोभा काकू. काकू सत्तरीच्या. पाच वाजता यायच्या, पदर खोचायच्या आणि स्वयंपाकाच्या खिडकीजवळ नुसत्या उभ्या राहायच्या. हातात ना डाव ना पातेलं. आदल्या वर्षी कमिटीच्या मीटिंगमध्ये मी सूचनाही मांडली होती की नुसतं उभं राहणाऱ्यांमुळे येण्याजाण्याच्या वाटेत अडथळा होतो. नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरज नव्हती.

त्या वर्षी काकू लेकीच्या बाळंतपणाला फ्रीमाँटला गेल्या होत्या. माझी यादी प्रथमच शंभर टक्के भरलेली होती.

साडेसहाला वरण पहिल्या दोन टेबलांवरच संपलं. मोदक मुलांच्या टेबलावर ढिगाने, आणि म्हाताऱ्या मंडळींच्या टेबलावर नुसता भात. तीन जण पाणी घेऊन एकाच माणसाच्या मागे उभे. पोळीवाला भाजीवाल्याला धडकला. सगळे धावत होते, घामाघूम होते. मी यादी घेऊन मध्ये उभा. प्रत्येक जण नेमून दिलेलं काम चोख करत होता.

मेधा वरणाचं रिकामं पातेलं घेऊन माझ्याशेजारून गेली.

"काय झालंय काय सगळ्यांना आज?" मी म्हणालो.

"काकू नाहीयेत ना."

"पण काकू काही वाढायच्याच नाहीत! नुसत्या उभ्या राहायच्या."

"बघत असायच्या रे," मेधा म्हणाली. "कुठलं टेबल अर्ध्यावर आलंय, कुणाला किती डाव घालायला सांगायचं, कुणाला तिकडे जाऊ द्यायचं नाही. नुसत्या मानेने सांगायच्या. तुझ्या यादीत मानेला रकाना आहे का?" आणि मग, "हो बाजूला. वाटेत उभा आहेस."

मी बाजूला झालो. हातातली यादी बघितली. मग मला माझा तो दुसरा कागद आठवला आणि तोंडातला मोदक एकाएकी पिठूळ लागला.

आता मी काय चूक केली होती ते सांगतो. ती चूक क्रिकेटच्या स्कोअररलाच करता येते. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडू कुणाच्या तरी नावावर लागतो. एकाने टाकला, एकाने खेळला, वहीत नोंद झाली, पुढचा. मी ती वही उचलून आणून फुटबॉलवर पसरली होती. पण फुटबॉलमध्ये चेंडू एका वेळी एकाच्याच पायाशी असतो आणि उरलेले एकवीस जण तेव्हाही काहीतरी करत असतात. माझ्या कागदात त्या एकवीस जणांना जागाच नव्हती. शिवाय टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो. तोही माझ्यासारखाच.

क्लबकडे अजून एक कॅमेरा होता. प्रेक्षकांच्या वरच्या छपरावर खिळवलेला, न हलणारा, एकाच वेळी सगळं मैदान टिपणारा. त्यात खेळाडू इतके बारीक दिसायचे की त्या टेपांना आम्ही मुंग्यांच्या टेपा म्हणायचो आणि खोक्यात टाकून द्यायचो. रविवारी सकाळी मी क्लबमध्ये गेलो, ड्रायरशेजारचं ते खोकं उपसलं आणि एकच मुंगी बघायची असं ठरवलं. चेंडूकडे बघायचं नाही. हे लिहायला सोपं आहे. करून बघा. डोळे आपोआप चेंडूकडे पळतात, लग्नात नवरीकडे पळावेत तसे.

पहिली दहा मिनिटं काही कळेना. मुंगी चालतेय. मग दिसलं की चालता चालता ती सारखी मान वळवतेय. उजवीकडे, मागे, डावीकडे. चेंडू यायच्या आधी चार वेळा. मग ती दोन पावलं डावीकडे सरकली, आणि समोरच्या संघाच्या मधल्या माणसाने पुढे चेंडू द्यायला उचललेला पाय खाली ठेवला. कारण ज्या वाटेने चेंडू जाणार होता त्या वाटेवर आता झेलितो उभा होता. त्या माणसाने चेंडू मागे दिला. झेलितोने काहीच केलं नव्हतं. दोन पावलं टाकली होती.

न दिलेला पास मी कुठल्या रंगाच्या पेनाने लिहिणार होतो?

त्यानंतर दिसतच गेलं. आपला एखादा खेळाडू पुढे धावला की त्याची रिकामी झालेली जागा हा जाऊन धरायचा. आपल्या पोरांना बोटाने, मानेने दाखवायचा, तू तिकडे, तू थांब. कधी उगाच चार पावलं पुढे धावल्यासारखं करायचा. समोरचा बचावपटू त्याच्यामागे ओढला जायचा आणि मोकळ्या झालेल्या वाटेने दुसराच कुणी जाऊन गोल करायचा. सोन्याचं पेन त्या दुसऱ्याच्या नावावर चालायचं. मी मग तो नसलेल्या दोन सामन्यांच्या टेपा लावल्या. पुन्हा तोच कॅफेटेरिया. सगळे धावताहेत, घामाघूम, आणि मध्ये कुणी नाही.

सोमवारी दिवसभर बसून आठ मिनिटांची टेप कापली आणि मंगळवारी सकाळी डगच्या दारात उभा राहिलो. या वेळी मोदकांचा आनंद नव्हता.

"डग, माझा कागद चुकलाय."

"कुठली बेरीज?"

"बेरीज बरोबर आहे. कागदच चुकलाय."

त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. "विनी, त्या कागदावर मी तीन वर्षं सराव घेतोय. ऑफिसमध्ये शपथा खाल्ल्यात त्याच्यावर. आणि आज तू येऊन सांगतोस की तो चुकलाय. मग तुला मी ठेवलंय कशाला?"

दुसऱ्यांदा नोकरी जाते आहे, हे आईला कसं सांगायचं याची मी मनात जुळवाजुळवही सुरू केली होती. पण पार्किंगमधला तो चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. "आठ मिनिटं बघ," मी म्हणालो. "चेंडू बघू नकोस. आठ नंबरचा झेलितो बघ."

डग उभ्यानेच बघायला लागला, हाताची घडी घालून. तिसऱ्या मिनिटाला त्याची घडी सुटली. पाचव्याला तो खुर्चीत बसला. टेप संपली तेव्हा त्याने स्वतःच मागे घेऊन ती पुन्हा लावली.

"या पासाला समोरचा का थांबला, मला कधी कळलंच नव्हतं," तो हळूच म्हणाला. "मी बाकावरून रोज बघतो. वाटायचं, आपलं नशीब बरं आहे."

मग त्याने ऑफिसला फोन लावला. डगने सकाळी आल्या आल्या कळवलं होतं आणि पत्र टाइपही झालं होतं. बराच वेळ हुज्जत चालली, आणि "ढोलवाल्यांना पुन्हा बोलावू नका" एवढं मला ऐकू आलं. फोन ठेवून म्हणाला, "एक वर्ष. एकच. जा, मोजे बघ तुझे." ही माझी बढती होती असं मी समजतो.

पुढच्या रविवारी झेलितोचं कुटुंब आमच्याकडे जेवायला आलं. मेधाने चवळीची उसळ आणि भात केला होता. झेलितोने पहिला घास घेतला, बायकोकडे बघितलं, आणि दोघं आपापसात इतकं भरभर बोलायला लागली की मला वाटलं काहीतरी खुपलं. त्यांच्याकडे रोज हेच जेवतात म्हणे, कडधान्य आणि भात. मेधाचं माहेर कोल्हापूरकडचं, वडील साखर कारखान्यात. झेलितोचं गाव साओ पावलोच्या आतल्या भागात, चहूकडे ऊस, वडील साखर कारखान्यात. मळीच्या वासाबद्दल ती दोघं खाणाखुणांनी अर्धा तास बोलली. मी तेवढा वेळ ताटं उचलली.

जेवण झाल्यावर मी त्याला सगळं खरं सांगून टाकलं. तुझी नोकरी मीच घालवत होतो, म्हणालो. मेधा बाजूने म्हणाली, "कबुलीजबाब चाललाय, बडीशेप देऊ का?"

झेलितो रागावला नाही. टूथपिक मागून घेतली. "प्रोफेसोर, माझे बाबा. दर रविवारी फोन. मी पोर्तुगालला, कोरियाला, इथे. बाबा एकच विचारतात, गोल किती?"

"मग?"

"मी सांगतो, दोन."

"दर रविवारी?"

"कधी तीन सांगितले तर म्हातारा गावाला बियर पाजतो. म्हणून दोन."

त्याची बायको पोट धरून हसत होती. मला हसता हसता नाशिकचा फोन आठवत होता, त्यातली खरखर आठवत होती.

एक वर्ष म्हणून राहिलेला झेलितो आणखी दोन हंगाम खेळला. मुलगी इंग्रजीत बापाला दुरुस्त करायला लागली. मी माझा कागद बदलला. एक मोठा रकाना नुसता शब्दांसाठी ठेवला, पेनं चाराची एक केली. त्या दोन वर्षांत मला जे फुटबॉल कळलं ते मुख्यतः धुलाईच्या खोलीत, तो ड्रायरवर बसून टेपकडे बोट दाखवत असताना. "चेंडू सगळ्यांना दिसतो," म्हणायचा. "तू दुसरं बघ." माझ्यासारख्या अडाण्याला त्याने फुकट शिकवलं. नावाचा प्रोफेसोर मी होतो, एवढंच.

एक गोष्ट मात्र राहून गेली. झेलितोचं काम मार्गी लागलं त्याच आठवड्यात मी केव्हिनच्या वर्षाच्या मुंग्यांच्या टेपा शोधल्या. त्याचंही बघायचं होतं, दोन वर्षं उशिरा का होईना. टेपा मिळाल्या. त्यांच्यावर पुढच्या हंगामाचे सामने चढवलेले होते. लेबलांवर अक्षर माझंच होतं, टेप वाया जाऊ नये म्हणून मीच चढवले होते. तो मुलगा खरंच कमी पडत होता का, की त्याला फक्त माझ्याकडे रकाना नव्हता, हे आता मला कधीच कळणार नाही. जाताना त्याने माझ्याशी हात मिळवला होता तो आठवतो.

दोन हजार सहाला झेलितो परत निघाला तेव्हा त्याला काय द्यावं सुचेना. मेधा म्हणाली, "तुला जे येतं ते दे." मी तीन हंगामांतून एक डीव्हीडी तयार केली. नव्वद मिनिटं नुसता झेलितो, चेंडू नसतानाचा. प्रत्येक ठिकाणी त्याच्याभोवती पांढरं वर्तुळ, म्हणजे वडिलांना मुंगी सापडावी.

महिन्याभराने त्याचा फोन आला.

"प्रोफेसोर! बाबांनी बघितली. पूर्ण नव्वद मिनिटं. उठले नाहीत."

"आणि? काय म्हणाले?"

"म्हणाले, सुंदर. खूप सुंदर. सगळं मैदान माझ्या मुलाच्या खिशात." मग जरा थांबून, "मग म्हणाले, गोल किती?"

"तू काय सांगितलंस?"

"दोन."

दोन हजार आठच्या शेवटी क्लब बंद पडला. आता म्हणे प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर यंत्र बांधतात आणि कोण किती पावलं चालला हेही आपोआप छापून येतं. येवो. मी पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये गेलो. आई सुटकेचा श्वास टाकून म्हणाली, "चला, बसून काम आहे." आधीचंही बसूनच होतं, पण ते असो.

मंडळाची यादी अजून माझ्याकडेच आहे. काकू फ्रीमाँटहून परत आल्यावर पुढच्याच गणपतीला मी ती नव्याने केली आणि यादीतलं पहिलं नाव त्यांचं घातलं. पुढच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, 'सगळीकडे लक्ष ठेवणे.' प्रायश्चित्त म्हणा. वाटलं, काकू खूश होतील.

काकूंनी भिंतीवर लावलेली यादी चष्मा वर करून वाचली आणि मला हाक मारली. "विनायक, हे काय लिहिलंयस?"

"काकू, तुमचं काम. खरं तर सगळ्यात मोठं."

"अरे, लोक काय म्हणतील? बाकीच्यांपुढे पोळ्या, वरण, मोदक. आणि ही बाई नुसती बघणार? खोड ते आधी."

"मग काय लिहू?"

काकूंनी इकडेतिकडे बघितलं. "लिंबं लिही. लिंबं कापणे."

मी लिहिलं.

त्या संध्याकाळी काकूंनी एकही लिंबू कापलं नाही. पदर खोचून खिडकीजवळ उभ्या होत्या, मान हलवत होत्या. वरण शेवटच्या पानापर्यंत पुरलं.